हौशे, नवशे आणि एबीए

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर, धुण्याच्या दोरीला, आईच्या लुगड्याशेजारी दोन लांबलचक लाल पट्ट्या वाळत असतात. त्या माझ्या भाचीच्या आहेत. प्रत्येक पट्टी साडेचार मीटर लांब आणि जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद असते. तिच्या एका टोकाला अंगठ्यात अडकवायचा फास असतो आणि दुसऱ्या टोकाला चिकटणारा तुकडा. फास अंगठ्यात घालून पट्टी मनगटाभोवती तीन वेळा गुंडाळायची, मग बोटांच्या मुळांवरून तीन वेढे द्यायचे, मग एकेका बेचक्यातून पट्टी काढून पुन्हा मनगटाकडे आणायची आणि शेवटी मूठ वळून पाहायची, की बोटे बधिर होत नाहीत ना. हा सगळा खटाटोप ग्लोव्ह घालण्याच्या आधीचा आहे. पहिल्यांदा त्या पट्ट्या पाहिल्या तेव्हा पोरीचा हात भाजला की काय, या शंकेने आई घाबरून जिना चढून वर आली होती.

भाची गारगोटीहून शिकायला म्हणून आजोळी आली आणि एका पतसंस्थेत नोकरी लागल्यावर इथेच राहिली. गेली तीन वर्षे ती संध्याकाळी बॉक्सिंग शिकते. मागच्या वर्षी एका स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना त्यावर ‘हौशी मुष्टियुद्ध’ असे छापलेले होते, आणि ते वाचून माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “हौशी म्हणजे? जत्रेला जाणाऱ्या हौशे-नवशे-गवशांतली ही हौशी होय?” आबांची हयात तालमीत गेली. त्यांच्या लेखी जो दिवसाला हजार जोर मारतो तो पैलवान आणि जो हौस म्हणून येतो तो तालमीच्या दारात चप्पल काढून गप्पा मारणारा माणूस. प्रश्न थट्टेचा होता, परंतु माझ्या डोक्यात तो रुतून बसला. या खेळाला हौशी हे नाव कोणी दिले आणि त्यामागे नेमकी कोणती हौस होती, हे शोधायला मी बसलो आणि त्या नादात इंग्लंडच्या राष्ट्रीय हौशी मुष्टियुद्ध स्पर्धेचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचून काढला. तिथले लोक या स्पर्धेला नुसते ‘एबीए’ म्हणतात. ॲमॅच्युअर बॉक्सिंग असोसिएशन या संस्थेची ती आद्याक्षरे. संस्थेचे नाव आता इंग्लंड बॉक्सिंग असे झाले आहे, तरी जुने लोक ‘त्याने एबीए जिंकली’ असेच बोलतात, जसे आपण अमक्याने ‘गदा मारली’ म्हणतो.

कोल्हापूरकराला या इतिहासात पहिल्याच पानावर ठेच लागते. मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या उमरावाच्या नावाने १८६७ मध्ये जे बारा नियम प्रसिद्ध झाले, आणि जे खरे म्हणजे जॉन ग्रॅहम चेंबर्स या माणसाने लिहिले होते, त्यांतला दुसराच नियम सांगतो की कुस्ती करण्यास आणि मिठी मारण्यास मनाई आहे. मी हा नियम आबांना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ हसत होते. त्याआधीच्या इंग्लंडात मात्र उघड्या मुठींच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला कवेत धरून आपटणे चालत असे. कोणीतरी जमिनीवर पडला की फेरी संपायची, मग ती दहा सेकंदांची असो वा दहा मिनिटांची, आणि अशा फेऱ्या कितीही होत, कारण एकजण पुढे येऊ शकेनासा होईपर्यंत लढत संपत नसे. म्हणजे थोडक्यात ती निकाली कुस्तीच, फक्त ठोशांसकट आणि पैजेच्या पैशांवर. क्वीन्सबेरी नियमांनी हातात ग्लोव्ह घातले, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरवली, पडलेल्या माणसाला उठायला दहा सेकंद दिले आणि कुस्ती हद्दपार केली.

१८८० मध्ये एबीएची स्थापना झाली आणि १८८१ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा लंडनमध्ये भरली. वजनगट चारच होते. फेदरवेटची मर्यादा नऊ स्टोन, म्हणजे आजच्या मापात सुमारे ५७ किलो. लाइटवेटची दहा स्टोन, मिडलवेटची अकरा स्टोन चार पौंड, आणि त्यावरचे सगळे हेवीवेट. एबीएने लढतीला तीनच फेऱ्या दिल्या: पहिल्या दोन तीन मिनिटांच्या आणि शेवटची चार मिनिटांची. प्रत्येक फेरीअखेर जो सरस ठरेल त्याला पाच गुण आणि दुसऱ्याला त्या प्रमाणात कमी. आज हे सगळे इतके ओळखीचे वाटते की यात काही शोध होता हे लक्षातही येत नाही. पण लढत ठरलेल्या वेळी संपणार, कोणी आडवा पडला नाही तरी तिचा निकाल लागणार आणि हरलेला माणूस आपल्या पायांनी घरी जाणार, ही कल्पना त्या काळी नवीन होती. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, इंग्लंडच्या न्यायालयाने उघड्या मुठींची पैजेची लढत हा गुन्हा आहे आणि लढणाऱ्यांची संमती असली तरी तो गुन्हाच राहतो, असा निवाडा दिला. त्या निवाड्यानंतर आपला खेळ मारामारीपेक्षा वेगळा आहे हे दाखवायला हौशी मंडळींकडे घड्याळ, ग्लोव्ह आणि गुणपत्रिका या तीन गोष्टी तयार होत्या.

आता हौशी या शब्दाविषयी. त्या काळच्या इंग्लंडात तो सरळ शब्द नव्हता. नौकानयनाच्या हेन्ली या प्रसिद्ध शर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात मजुरीवर काम करणारा कारागीर किंवा मजूर हा हौशी असूच शकत नाही असे चक्क लिहून ठेवले होते. ज्याला पोटासाठी अंगमेहनत करावी लागते त्याचे दंड आधीच कमावलेले असतात, म्हणून तो सभ्य गृहस्थांशी खेळायला नको, असा तो न्याय. बॉक्सिंगमध्ये मात्र हे कुंपण टिकणे शक्य नव्हते, कारण ठोसे खायला सभ्य गृहस्थ पुरेशा संख्येने मिळत नाहीत. प्रारंभी तशी काही माणसे होती. जे. डब्ल्यू. एच. टी. डग्लस हा १९०५ चा एबीए मिडलवेट विजेता पुढे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून गेला आणि त्यानंतर इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कर्णधारही झाला. त्याची फलंदाजी इतकी कंटाळवाणी होती, की ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांनी त्याच्या चार आद्याक्षरांचा ‘जॉनी वोन्ट हिट टुडे’ असा विस्तार केला होता. ज्याच्या ठोशाने माणसे आडवी होत, त्याच्याच बॅटीबद्दल लोकांनी असे म्हणावे, याची मला मोठी गंमत वाटते.

परंतु एबीएच्या विजेत्यांची यादी जसजशी खाली वाचत जावे, तसतसे गृहस्थ विरळ होतात आणि कामकरी माणसे दाटीने दिसू लागतात. पोलीस, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारे, गिलावा करणारे, गोदीतले, सैन्यातले, आरमारातले. त्यांच्यासाठी हौशी या शब्दाचा अर्थ उलटा झाला होता: पैशासाठी लढत नाही तो हौशी, आणि म्हणूनच सोमवारी सकाळी त्याला कामावर हजर राहावे लागते. तीन फेऱ्या का, डॉक्टर का, डोक्याला जबर मार लागून लढत थांबली की किमान चार आठवडे रिंगणात उतरायला बंदी का, या सगळ्याचे उत्तर मला त्या सोमवारात सापडते. खेळ असा हवा की त्यात हरलेल्या माणसाचा रोजगार बुडू नये. आबांनी हे ऐकल्यावर पहिल्यांदाच मान डोलावली. त्यांच्या तरुणपणी जत्रेत कुस्ती करून माणूस रात्रीच्या एसटीने गावी परतायचा आणि पहाटे ऊसाला पाणी पाजायला जायचा.

या मंडळींतला माझा आवडता माणूस हॅरी मॅलिन. तो लंडनच्या पोलीस दलात होता. १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे त्याने एबीएचे मिडलवेट विजेतेपद जिंकले, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतले आणि १९२४ मध्ये ते राखायला तो पॅरिसला गेला. तिथल्या उपांत्यपूर्व लढतीत त्याच्यासमोर रोजे ब्रूस हा फ्रेंच बॉक्सर होता. लढत संपली तेव्हा मॅलिनने रेफरीला आपली छाती दाखवायचा प्रयत्न केला, कारण तिच्यावर दातांचे स्पष्ट वण होते. रेफरीने लक्ष दिले नाही. पंचांनी दोन विरुद्ध एक मतांनी ब्रूसला विजयी घोषित केले, आणि मॅलिन काहीही न बोलता रिंगणातून उतरला. हाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. यजमान देशाचा बॉक्सर, यजमान देशाचे प्रेक्षक, छातीवर चाव्याच्या खुणा, आणि हा पोलीस शिपाई तक्रारीचा एक शब्दही न काढता कपडे बदलायला जातो. तक्रार केली ती एका स्वीडिश पदाधिकाऱ्याने. चौकशी झाली, वण तपासले गेले, ब्रूस बाद ठरला, आणि मॅलिनने पुढे अंतिम लढतीत जॉन इलियट या आपल्याच देशबांधवाला हरवून दुसरे सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमधले बॉक्सिंगचे विजेतेपद यशस्वीरीत्या राखणारा तो पहिला माणूस. तो व्यावसायिक कधीच झाला नाही, आणि हौशी म्हणून तो कधीही हरला नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते फार दूरचे नाही. मराठीत ‘पंच’ हा शब्द निकाल देणाऱ्या माणसाला आहे, आणि इंग्रजीतला ‘पंच’ म्हणजे ठोसा. त्यामुळे भाचीच्या स्पर्धांच्या बातम्या वाचताना ‘पंचांमुळे पराभव’ असा मथळा आला की दोष नेमका कोणाचा, हे बातमी पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

गुणांवरच्या निकालावर आबांचा मुळात विश्वास नाही. खासबागेत पाठ लागली की लागली. हजारो लोक एकदम उठून उभे राहतात आणि हलगीवाल्यालाही निकाल कळतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात बसण्याची रचनाच अशी आहे की कुठूनही आखाडा दिसावा, म्हणजे शंकेला जागाच उरू नये. बॉक्सिंगमध्ये मात्र पाचजण रिंगणाच्या बाजूंना बसून आपापल्या डोळ्यांना जे दिसले ते लिहितात, आणि पाचांना पाच वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्स या अमेरिकन बॉक्सरचे ८६ ठोसे लागले, त्याच्या कोरियन प्रतिस्पर्ध्याचे ३२, आणि निकाल लागला तो कोरियनाच्या बाजूने. त्या लाजेतून पुढे संगणक आला. पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच ठोसा गुणांत धरायचा, अशी ती पद्धत. तिने प्रामाणिकपणा किती आला हा वादाचा विषय आहे, परंतु खेळ मात्र नक्की बिघडला, असे माझे मत आहे. बॉक्सर पोटावर मारेनासे झाले, कारण पोटावरचा ठोसा बटणापर्यंत पोहोचत नसे, आणि एक टिचकी मारून मागे सरकणे हीच विद्या झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अँथनी जोशुआची सुपर हेवीवेटची अंतिम लढत १८-१८ अशी बरोबरीत सुटली आणि मागची मोजणी पुन्हा तपासून त्याला विजयी ठरवावे लागले. पुढच्याच वर्षी ती पद्धत मोडीत निघाली. आता प्रत्येक फेरीत सरस बॉक्सरला दहा गुण आणि दुसऱ्याला बहुधा नऊ. म्हणजे फिरून फिरून आपण १८८० च्या त्या पाच गुणांच्या जवळपास येऊन पोहोचलो आहोत.

हा जोशुआ एबीएचा २०१० आणि २०११ चा विजेता. त्याने बॉक्सिंग सुरू केले ते २००७ मध्ये, अठराव्या वर्षी, आणि त्याआधी त्याने विटा रचायचे कामही केले होते. फ्रँक ब्रुनो हा १९८० मध्ये अठराव्या वर्षीच एबीएचा हेवीवेट विजेता झाला. जो कॅलझागी या वेल्श मुलाने १९९१, १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ तीन वर्षे तीन वेगवेगळ्या वजनगटांत एबीए जिंकली. क्रिस फिनेगन विटा वाहायचा. तो १९६६ चा मिडलवेट विजेता आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. स्कॉटलंडच्या डिक मॅकटॅगार्टने तर हे विजेतेपद पाच वेळा मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सर्वांत शैलीदार बॉक्सरचा चषक पटकावला. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल, परंतु मला थांबायचे आहे ते दुसऱ्याच एका नावावर.

रँडॉल्फ टर्पिनचे वडील ब्रिटिश गयानातून आलेले कृष्णवर्णीय, आई इंग्रज, गाव लेमिंग्टन. वडील लवकर गेले. आरमारात स्वयंपाकी म्हणून काम करताना त्याने १९४५ मध्ये वेल्टरवेटची आणि १९४६ मध्ये मिडलवेटची एबीए जिंकली. आता यातली मेख पाहा. त्या वेळी ब्रिटनमधल्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठी लढायचे तर आई आणि वडील दोघेही गोरे असले पाहिजेत, असा नियम होता. म्हणजे हा मुलगा पैशाशिवाय लढला तर देशाचा विजेता होऊ शकत होता आणि पोटासाठी लढला तर नाही. तो नियम १९४८ मध्ये गेला, आणि त्या दाराने पहिला आत शिरला तो रँडॉल्फचाच थोरला भाऊ डिक टर्पिन. धाकट्याने पुढे १० जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवले, ज्याला आजही अनेक जाणकार आजवरचा सर्वोत्तम बॉक्सर मानतात. हौशी या शब्दाने १८७९ मध्ये मजुराला बाहेर ठेवले होते. त्याच शब्दाच्या छपराखाली १९४५ मध्ये एक काळा स्वयंपाकी उभा राहू शकला, आणि बाहेर, जिथे सगळे पैशाने ठरते असे म्हणतात, तिथे त्याला जागा नव्हती. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला आखाड्यात कोणी उतरावे आणि कोणी नाही या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आणि मग हेन्री कूपर. या नावापाशी मी आबांना मुद्दाम हाक मारली. दक्षिण लंडनचा हा मुलगा गिलाव्याचे काम करायचा. त्याने १९५२ आणि १९५३ मध्ये एबीएचे लाइट हेवीवेट विजेतेपद जिंकले, १९५४ मध्ये तो व्यावसायिक झाला, आणि १९६३ मध्ये वेम्बलीला त्याच्या डाव्या हाताच्या ठोशाने कॅशस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, चौथ्या फेरीच्या अखेरीस जमिनीवर बसला. पण आबांना बोलावले ते यासाठी नव्हे. १९५२ च्या एबीए विजेतेपदानंतर कूपर हेलसिंकी ऑलिंपिकला गेला होता. त्याच हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव गेले होते, ज्यांच्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. सोव्हिएत संघ त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. कूपर सोव्हिएत बॉक्सरकडून हरून रिकाम्या हाताने परतला, आणि खाशाबाही सोव्हिएत मल्लाकडूनच हरले, तेही आधीची दमवणारी कुस्ती संपल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता, तरी कांस्यपदक घेऊन आले. एक गिलावावाला, एक गोळेश्वरचा शेतकऱ्याचा मुलगा, आणि दोघेही त्या अर्थाने हौशी. खाशाबा पुढे १९५५ मध्ये पोलिसात भरती झाले. मॅलिनही पोलीसच. आबा हे सगळे ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, “त्या कूपरला घर गहाण टाकणारा प्राचार्य लागला नसंल.”

नसेल, कारण त्याच्यामागे क्लब होता, आणि माझ्या मते एबीएचे खरे बळ अंतिम सामन्यांच्या झगमगाटात नसून तिथे आहे. ही स्पर्धा खालून वर चढते. देशाचे विभाग पाडलेले असतात. लंडनची तर पूर्वी चार तुकड्यांत विभागणी असे, सैन्यदलांची निवड वेगळी होई, आणि तुकडीत जिंकलेला विभागात, विभागात जिंकलेला पुढे, असे करत अखेरीस दोघे उरत. म्हणजे देशाचा विजेता होऊ पाहणाऱ्याची पहिली लढत बहुधा शेजारच्याच क्लबातल्या मुलाशी व्हायची, ज्याला तो बसमध्ये रोज पाहतो. आपल्याकडे शिवाजी पेठेच्या पोराची पहिली जोड मंगळवार पेठेच्या पोराशी लागावी तसे. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये रेप्टन नावाचा क्लब आहे. १८८४ मध्ये रेप्टन या श्रीमंतांच्या शाळेने गरीब वस्तीतल्या मुलांसाठी तो काढला आणि आज तो जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या इमारतीत भरतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता ऑड्ली हॅरिसन तिथलाच. त्या इमारतीचे फोटो पाहिले तेव्हा मला गंगावेस तालमीची आठवण झाली: पोपडे आलेल्या भिंती, भिंतींवर गेलेल्या माणसांच्या तसबिरी आणि त्यांच्याखाली घाम गाळणारी पंधरा वर्षांची पोरे.

भाचीचा क्लब मात्र असा जुना नाही. भाड्याचा पत्र्याचा हॉल, दोन पिशव्या आत आणि एक बाहेर आंब्याच्या फांदीला टांगलेली, कारण आतल्या तुळईचा भरवसा नाही. मे महिन्यात बाहेरच्या पिशवीवर कैऱ्या पडतात. प्रशिक्षक निवृत्त फौजी आहेत, आणि मुली त्यांना ‘सर’ म्हणत असल्या तरी आबा त्यांचा उल्लेख ‘वस्ताद’ असाच करतात.

मुली हा शब्द मी सहज लिहिला, परंतु तो लिहिता यायला एबीएला एकशेसोळा वर्षे लागली. १८८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने महिलांच्या बॉक्सिंगवरची बंदी १९९६ मध्ये उठवली आणि पहिली अधिकृत लढत १९९७ मध्ये झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, २०१२ मध्ये, महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा पहिले सुवर्णपदक लीड्सच्या निकोला ॲडम्सने जिंकले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला, म्हणजे याच एबीएच्या देशात, जी जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात आपल्या जास्मिन लांबोरियाने ५७ किलो गटात आणि मीनाक्षी हुडाने ४८ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. १८८१ च्या पहिल्या स्पर्धेत फेदरवेटची मर्यादा नऊ स्टोन होती हे मी वर लिहिले आहे. ते ५७ किलोच. ज्या वजनाचे पुरुष त्या पहिल्या स्पर्धेत मिशांना पीळ देऊन उतरले असतील, त्याच वजनात त्यांच्याच देशात हरियाणाच्या एका मुलीने जगाचे विजेतेपद घेतले. भाची त्या रात्री जागीच होती.

तिचाही गट ४८ किलोचा. मागच्या हिवाळ्यातल्या त्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या काट्यावर तिचे वजन ४७.९ भरले, आणि स्पर्धेच्या ठिकाणच्या काट्यावर ४८.२. कोणता काटा खरा हे विचारण्याची ती जागा नव्हती. मी विचारले, आणि टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता “मग तुमचा काटा घेऊन यायचा होता” असे उत्तर दिले. दुसऱ्यांदा वजन करायला तासभर होता. तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. अंगात दोन स्वेटर घालून ती इमारतीच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडशेजारी, दोरीवरच्या उड्या मारत राहिली आणि मी तिचे मोजे हातात धरून उभा होतो. दोरी फरशीवर आपटण्याचा तो एकसुरी आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. दुसऱ्या वेळी काटा बरोबर ४८ वर थांबला.

संध्याकाळी ती हरली. तीन पंचांनी तिच्या प्रतिस्पर्धी मुलीला कौल दिला, दोघांनी तिला. पहिल्या फेरीत ती मागे पडली, दुसरी तिने घेतली हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसले, आणि तिसऱ्या फेरीत दोघींचेही हात इतके जड झाले होते की कोण सरस हे मला आजही सांगता येणार नाही. एका ठोशाने तिचा खालचा ओठ आतून फाटला. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिला, बोट नाचवून डोळ्यांची तपासणी केली आणि टाका नको म्हणून सांगितले. परतताना गाडीत ती फारसे बोलली नाही. कागलजवळ चहा प्यायला थांबलो तेव्हा चहा ओठाला झोंबला म्हणून तिने कप माझ्याकडे सरकवला.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी मला तिच्या पतसंस्थेत आबांची ठेव पावती बदलून घ्यायची होती, म्हणून अकराच्या सुमारास गेलो. ती काउंटरवर बसली होती, ओठ सुजून एका बाजूला झुकलेला. माझ्यापुढे रांगेत टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी काचेच्या खिडकीतून वाकून तिच्याकडे निरखून पाहिले आणि काळजीने विचारले, “काय गं पोरी, पडलीस होय?”

“नाही काका,” ती नोटा मोजता मोजता म्हणाली, “पडले नाही. गुणांवर हरले.”